पाच नॉव्हिस की एक मास्टर? २५० पॉइंटांचा हिशेब

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या ऑनलाइन गेमच्या जुन्या, प्री-सीयू (म्हणजे ‘कॉम्बॅट अपग्रेड’ या मोठ्या बदलाआधीच्या) पद्धतीच्या एका इम्युलेटर सर्व्हरवर, म्हणजे चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर, तू खेळतोस. मार्क्समन, मेडिक, स्काउट, आर्टिझन आणि एंटरटेनर अशा पाच प्रोफेशनांचे नॉव्हिस बॉक्स, म्हणजे पहिले टप्पे, घेतलेस, शिवाय रायफल आणि हंटिंग या दोन शाखांत दोन-दोन पायऱ्या चढलास. शिकार आपली, मलमपट्टी आपली, हत्यारही आपलंच. कुणाची मनधरणी करायला नको. गिल्डमधले (एकत्र खेळणाऱ्या गटातले) म्हणतात की या भाराभर चिंध्या झाल्या, एकच धर आणि मास्टर हो. कोणाचं ऐकायचं?

गिल्डवाले निम्मे बरोबर आहेत. मिसळ करणं हा गुन्हा नाही. तू ज्या ठिकाणी मिसळ केलीस ती जागा महाग आहे, एवढंच.

आधी पॉइंटांचा हिशेब मांडू, कारण या गेममध्ये वाद घालण्यापेक्षा बेरीज केलेली बरी. एका कॅरेक्टरला एकूण २५० स्किल पॉइंट. मूळ सहा प्रोफेशनांचा (तुझे पाच आणि सहावा ब्रॉलर) नॉव्हिस बॉक्स प्रत्येकी १५ पॉइंट खातो. त्यावर चार शाखा, प्रत्येक शाखेत चार पायऱ्या, त्यांची किंमत अनुक्रमे २, ३, ४ आणि ५. सगळ्यात वर मास्टर बॉक्स ६ चा. म्हणजे एक मूळ प्रोफेशन पुरं करायला १५ अधिक ५६ अधिक ६, एकूण ७७.

आता तुझ्याकडे बघ. पाच नॉव्हिस म्हणजे ७५ पॉइंट. दोन पॉइंट कमी पडले, नाहीतर तेवढ्यात एक प्रोफेशन आख्खं मास्टर झालं असतं. नॉव्हिस बॉक्स ही प्रवेश फी आहे. ती पाच दारांवर भरलीस आणि कुठल्याच घरात नीट शिरला नाहीस.

यापुढची गोष्ट बहुतेक नवे खेळाडू बघतच नाहीत. एलिट, म्हणजे मूळ प्रोफेशनांवर उभ्या असलेल्या, प्रोफेशनांचा, म्हणजे रायफलमन, डॉक्टर, वेपनस्मिथ, रेंजर वगैरेंचा भाव उलटा लावलेला आहे. तिथे नॉव्हिस ६ ला, पायऱ्या ५, ४, ३, २ अशा उतरत्या दराने आणि मास्टर बॉक्स फक्त १ पॉइंटला. एकूण ६३. मूळ प्रोफेशनात वर जाल तसं महाग, एलिटमध्ये वर जाल तसं स्वस्त. एलिटच्या चारही शाखा दुसऱ्या पायरीपर्यंत नेऊन थांबणारा माणूस ६ अधिक ३६ असे ४२ पॉइंट घालवून बसतो, आणि उरलेल्या २१ पॉइंटांत मिळणारा वरचा अर्धा भाग, म्हणजे ज्यासाठी लोक त्या प्रोफेशनात जातात तोच, सोडून देतो. एक्सपी, म्हणजे खेळून मिळणारे अनुभवाचे गुण, अर्थातच वर चढताना जास्त लागतो, पण एक्सपी पुन्हा कमावता येतो. पॉइंट २५० च राहतात.

म्हणून माझा सरधोपट नियम असा आहे: अर्धवट राहायचं असेल तर मूळ प्रोफेशनात राहा, एलिटमध्ये पाऊल टाकलंस तर छप्पर गाठ. याला अपवाद आहेत. स्मगलरची फक्त स्लायसिंगची (कुलपं फोडण्याची, हत्यारांत फेरफार करण्याची) शाखा घेणारे शहाणे लोक मी पाहिलेत, कारण त्या शाखेच्या प्रत्येक पायरीला स्वतंत्र काम जोडलेलं आहे. पण अपवाद घ्यायचा तर त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

क्राफ्टिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘हत्यारही आपलंच’ हे तुझं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं.

या गेममध्ये वस्तू बनवणं म्हणजे रेसिपी दाबून थांबणं नाही. प्रत्येक कच्च्या मालाला स्वतःचे गुण असतात: कंडक्टिव्हिटी, ओव्हरऑल क्वालिटी, शॉक रेझिस्टन्स वगैरे. एखाद्या जातीचं स्टील काही दिवस एखाद्या ग्रहावर उगवतं, मग कायमचं नाहीसं होतं आणि वेगळ्या नावाचं, वेगळ्या गुणांचं दुसरं येतं. कारागीर चांगला माल दिसला की हार्वेस्टर (माल काढणारं यंत्र) लावून साठा करतो. मग असेंब्ली (जुळणी), आणि त्यानंतर एक्सपेरिमेंटेशन: तुझ्या स्किलनुसार मिळालेले पॉइंट डॅमेज, स्पीड अशा ओळींवर लावायचे आणि निकालाची वाट बघायची. मालाचे गुण वरची मर्यादा ठरवतात, एक्सपेरिमेंटेशन त्या मर्यादेच्या किती जवळ जायचं ते ठरवतं. शाखा अर्धी सोडलेल्या वेपनस्मिथाकडे हे पॉइंट कमी असतात, त्यामुळे त्याच स्टीलमधून त्याची रायफल दुबळी निघते. मास्टरच्या आणि त्याच्या रायफलीत थोडाच फरक असेल, तरी गिऱ्हाईक दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतो. ‘थोडी कमी चांगली’ रायफल थोड्या कमी किमतीला विकली जात नाही. ती व्हेंडरवर (गेममधल्या दुकानात) पडून राहते.

आणि ही गोष्ट ठरवून केलेली होती. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने बनवलेला हा गेम २००३ च्या जूनमध्ये बाजारात आला तेव्हा एका अकाउंटला एका सर्व्हरवर एकच कॅरेक्टर करता येत असे. वस्तू वापरून झिजायच्या. इमारती, फॅक्टरी, हार्वेस्टर यांच्यासाठी माणशी १० लॉटची (जागेच्या वाट्यांची) मर्यादा. तिन्ही नियम एकत्र ठेवले की दिसतं, प्रत्येकाला दुसऱ्याच्या दुकानात जायला लावणारी ही रचना आहे. क्रिएटिव्ह डायरेक्टर होते राफ कोस्टर. त्याआधी १९९७ च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’चे ते लीड डिझायनर होते, आणि खेळाडूंनी एकमेकांवर अवलंबून राहावं ही त्यांची आवड दोन्हीकडे दिसते. स्वयंपूर्ण व्हायचा हट्ट इथे धरता येतो, पण गेमचा प्रत्येक सांधा तुझ्या विरुद्ध दिशेने वळतो.

तरीही आर्टिझनचा नॉव्हिस बॉक्स अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सर्व्हे करायला तो पुरतो. चांगला माल कुठे उगवलाय हे शोधून, हार्वेस्टर लावून तो मास्टर कारागिरांना विकणारे खेळाडू मजेत पैसे कमावतात, त्यांना स्वतः सुईसुद्धा बनवावी लागत नाही. १५ पॉइंटांत एक पूर्ण धंदा मिळतो, म्हणून ते पॉइंट वाया जात नाहीत. तू मात्र आर्टिझन रायफल बनवायला घेतलंस, आणि रायफलीसाठी आधी इंजिनिअरिंगची शाखा चौथ्या पायरीपर्यंत, मग वेपनस्मिथ. म्हणजे २९ अधिक ६३, एकूण ९२ पॉइंट. तेवढ्यात तू स्वतः मास्टर रायफलमन होतोस, कारण त्याचा हिशेबही तोच आहे: नॉव्हिस मार्क्समन १५, रायफलची शाखा १४, वर ६३.

मेडिकचं गणित निराळं. नॉव्हिस मेडिक ही माझ्या मते गेममधली सगळ्यात फायदेशीर १५ पॉइंटांची खरेदी आहे. प्राथमिक स्टिमपॅक (जीव भरून काढणारं औषध) वापरता येतो, रानात एकटा असताना जीव वाचतो. वरच्या दर्जाच्या स्टिमपॅकला जास्त मेडिसिन यूज (औषध वापरण्याचं कौशल्य) लागतो, म्हणून काही जण तो वाढवणाऱ्या शाखेत दोन पायऱ्या आणखी घेतात, तेही ठीक. पण बफ (ताकद तात्पुरती वाढवणारा उपचार) देणारा डॉक्टर हा पूर्ण वेगळा प्राणी. आधी मास्टर मेडिक, मग डॉक्टर. ७७ अधिक ६३ म्हणजे १४०. कोरोनेट किंवा थीड या शहरांच्या स्टारपोर्टपाशी डॉक्टरसमोर ज्या रांगा लागायच्या त्या मास्टरसमोर लागायच्या. अर्ध्या डॉक्टरचा बफ कोण घेणार, जेव्हा तेच दोन-अडीच तास अंगावर वागवत शिकार करायची असते?

एंटरटेनरचा नॉव्हिस बॉक्स तू का घेतलास ते मला कळलं नाही. बहुधा कॅन्टिनात नाचायची हौस. हौसेला मोल नाही, पण इथे आहे, आणि ते १५ पॉइंट आहे. माइंडच्या (मनाच्या) जखमा आणि बॅटल फटीग (लढाईचा थकवा) घालवायला दुसरा एंटरटेनर लागतो, आणि माइंडचा बफ चांगल्या शिकलेल्या नर्तकाकडून किंवा वादकाकडूनच घेण्यात अर्थ असतो.

लढाईत मात्र मिसळ खरोखर चालते, पण ती अशी नव्हे. तुला जुन्या खेळाडूंच्या तोंडी ‘टीकेएम-डॉक’ ऐकू येईल: मास्टर तेरास कासी (नुसत्या हातांनी लढायची कला) ९२ आणि मास्टर डॉक्टर १४०, बेरीज २३२. उरले १८, त्यात आणखी एक नॉव्हिस. ही मिसळच आहे, पण दोन पुऱ्या गोष्टींची. डिफेन्स स्टॅकर म्हणवणारे त्याहून पुढे जातात. मेली डिफेन्स, रेंज्ड डिफेन्स हे आकडे वेगवेगळ्या प्रोफेशनांतून मिळून बेरीज होतात, हातात कुठलंही हत्यार असलं तरी. म्हणून तेरास कासीबरोबर फेन्सर किंवा स्वोर्ड्समन घेणारा माणूस तलवार चालवायला ते घेत नाही, अंगावर कवच चढवायला घेतो. ब्रॉलरचा नॉव्हिस दोघांत सामाईक असल्यामुळे प्रवेश फीही एकदाच पडते. मिसळीचा हा खरा फायदा आहे: जिथे दोन गोष्टी एकच पाया वाटून घेतात किंवा त्यांचे आकडे आपोआप एकमेकांत मिळतात, तिथे मिसळ करावी. तुझ्या पाचांपैकी कुठल्याही दोघांत असं नातं नाही.

‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हीच गोष्ट आणखी उघडी दिसते, कारण तिथे बॉक्स नाहीत, नुसते आकडे आहेत. मूळ नियम: सगळ्या स्किलची मिळून ७०० ची मर्यादा, एका स्किलला १००. सरळ विचार करणारा सात ग्रँडमास्टर (म्हणजे पूर्ण १०० ची) स्किल घेतो. पण जरा खोलात गेलं की कळतं, काही स्किलमध्ये अधल्यामधल्या आकड्यांवर दारं उघडतात. हीलिंग आणि अ‍ॅनाटॉमी दोन्ही ६० झाली की बँडेजने विष उतरवता येतं, दोन्ही ८० झाली की मेलेल्याला उठवता येतं. मॅजरी (जादू) साठ-पासष्टला नेली की रीकॉल (खुणेच्या जागी पोचवणारा मंत्र) सहसा फसत नाही, म्हणजे तलवारबाजालाही क्षणात बँकेत परतता येतं. त्याला शंभरची मॅजरी कशाला हवी? तिथे ६५ वर थांबणं हे अर्धवटपण नाही, ते मोजून घेतलेलं माप आहे. उलट लोहारकाम ९० वर सोडणारा माणूस काय मिळवतो? वस्तूवर आपलं नाव कोरायचा मान ग्रँडमास्टरला, म्हणजे १०० ला. गिऱ्हाईक ते नाव बघून चिलखत घ्यायचं. नव्वदवाल्याचं चिलखत अंगावर घालून कोणी मिरवलं नाही.

‘ईव्ह ऑनलाइन’ खेळणाऱ्यांना हाच विचार वेगळ्या मापात करावा लागतो, कारण तिथे पॉइंटांची एकूण मर्यादा नाही. खर्च होतो तो काळ. प्रत्येक स्किलला पाच पायऱ्या. सगळ्यात सोप्या स्किलला पहिल्या पायरीला एकूण २५०, दुसरीला १,४१४, तिसरीला ८,००० स्किल पॉइंट. चौथी पायरी गाठेपर्यंत ४५,२५५ आणि पाचवीपर्यंत २,५६,०००. म्हणजे चौथ्या पायरीला पाचपैकी चार भाग फायदा मिळतो आणि एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी वेळ जातो. म्हणून तिथे नव्या माणसाला मी निःशंकपणे सांगतो: खूप स्किल घे आणि चौथ्यावर थांब. पाचवी फक्त तेव्हाच, जेव्हा एखादं टेक-टू (वरच्या श्रेणीचं) जहाज किंवा हत्यार तिच्यामागे कुलूपबंद असतं. तुझ्या गेममध्ये जो सल्ला तुला बुडवेल तोच तिथे तारतो, दोन्हींतला फरक फक्त किमतीच्या तक्त्याचा. ‘रूनस्केप’मध्येही ९९ व्या लेव्हलच्या एक्सपीचा निम्मा पल्ला ९२ ला येतो, पण तिथे सगळंच ९९ ला नेता येतं, त्यामुळे निवडीचा पेच उरत नाही, फक्त चिकाटी उरते.

मास्टरपणाचंही भूत होऊ शकतं, हे गिल्डवाल्यांना माझ्याकडून सांग. २००३ च्या शेवटाकडे होलोक्रॉन (जेडाय होण्याची वाट सुचवणाऱ्या वस्तू) आले आणि जेडाय व्हायचं तर ठरावीक प्रोफेशनं मास्टर करावी लागतात हे लोकांच्या लक्षात आलं. होलोक्रॉन सांगेल ते प्रोफेशन, आवडो न आवडो, मास्टर करायचं, लगेच सोडून द्यायचं, पुढचं धरायचं. ज्याला शिवणकामात काडीचा रस नाही तो टेलर होऊन हजारो निरर्थक कपडे काढत बसला. कॅन्टिनांत मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावून नाचणारी निर्जीव माणसं उभी राहिली. हातात मास्टर बॉक्स असूनही त्यातल्या किती जणांना आपलं काम येत होतं? पुढे २००५ च्या नोव्हेंबरमध्ये एनजीईने (‘न्यू गेम एन्हान्समेंट्स’ या बदलाने) तीसहून अधिक प्रोफेशनं मोडून नऊ ठरावीक साचे केले. मिसळीचा प्रश्नच संपला, आणि तुझ्या सर्व्हरसारखे सर्व्हर आज लोक स्वतःहून चालवतात त्याचं एक मोठं कारण तेच आहे. अडीचशे पॉइंट हाती घेऊन अर्धा तास डोकं खाजवण्याची ती मजा लोकांना परत हवी होती.

तुझ्या बाजूने एक मुद्दा मात्र आहे, आणि तो गिल्डवाल्यांच्या लक्षात येणार नाही, कारण ते बहुतेक अमेरिकेत आहेत. तू रात्री नऊला बसतोस तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. त्यांची रात्र रंगते तेव्हा आपल्याकडे पहाट उलटून ऑफिसची गडबड सुरू असते. म्हणजे तू खेळतोस त्या वेळी कॅन्टिना रिकामं, डॉक्टर कामावर किंवा कॉलेजात. ‘सगळं दुसऱ्याकडून घे’ हा सल्ला अशा वेळी पोकळ ठरतो. वस्तूंची अडचण नाही, व्हेंडर चोवीस तास उघडे असतात. अडचण येते ती ज्याला जिवंत माणूस समोर लागतो त्याची: बफ आणि जखमा. म्हणून भारतातून खेळणाऱ्याने हत्यार-चिलखत विकत घ्यावं, पण उपचारापुरता हात स्वतःचा ठेवावा. शनिवार-रविवारी सकाळी लवकर उठलास तर त्यांची शुक्रवार-शनिवारची रात्र सापडते. मोठी शिकार तेव्हा ठेव. सर्व्हरच्या नियमांत दुसरं अकाउंट चालत असेल तर त्यावर डॉक्टर करणारे बरेच आहेत. मला ते आवडत नाही, पण वेळेच्या या फरकात ते मी कुणाला वाईटही म्हणणार नाही.

आता तुझं कॅरेक्टर. तू लिहिलंस की लांबून नेम धरणं आणि मोठ्या जनावरांच्या मागावर फिरणं यातच तुझा वेळ जातो. मग उत्तर जवळजवळ तयारच आहे. रायफलमन ९२. स्काउट मास्टर करून रेंजर, ७७ अधिक ६३ म्हणजे १४०. झाले २३२. उरलेल्या १८ पैकी १५ नॉव्हिस मेडिकला. तीन पॉइंट शिल्लक राहतील, राहू देत. यात तुझ्या आजच्या पाचांपैकी तीन शाबूत राहतात आणि चढलेल्या दोन्ही शाखाही कामाला येतात. रेंजर झालास की कातडी, मांस, हाडं जास्त निघतात, आणि चांगल्या गुणांची कातडी उगवली असेल त्या दिवसांत आर्मरस्मिथ तुलाच शोधत येतील. त्या पैशात मास्टरच्या हातची रायफल घे.

एंटरटेनर आणि आर्टिझन आजच सोडून दे. स्किल सरेंडर केलं की पॉइंट परत मिळतात, त्यात घातलेला एक्सपी मिळत नाही. पण नॉव्हिसवर तू घातलास तरी किती? सर्व्हे करायची सवय लागली असेल तर आर्टिझनचा बॉक्स रेंजरकडे वळेपर्यंत ठेवायला हरकत नाही. तोवर पॉइंटांची टंचाई नसते, आणि माल शोधून विकल्यावर ट्रेनरची फी सुटते.

क्रमाबद्दल: आधी रायफलची शाखा चौथ्यापर्यंत, लगेच रायफलमनचा नॉव्हिस. स्काउटच्या शाखा शिकार करता करता आपसूक वाढतील, कारण त्यांचा एक्सपी कातडी काढण्यातून, कॅम्प लावण्यातून आणि सापळे टाकण्यातून येतो. त्यासाठी वेगळी रात्र काढू नकोस. दोन्हींचे एक्सपी वेगवेगळ्या खात्यांत जमा होतात, एकाने दुसऱ्याचं काही घटत नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. मास्टर बॉक्स उघडायला नुसता एक्सपी पुरत नाही, अप्रेंटिसशिपचे पॉइंटही लागतात आणि ते दुसऱ्याला स्किल शिकवूनच मिळतात. सोळाही बॉक्स भरून मग शिकाऊ शोधत फिरणारे लोक शेवटच्या बॉक्सपाशी अडकतात. तू आपल्या वेळेला खेळतोस, त्यामुळे शिकणारे आणखीच कमी भेटतील. म्हणून आतापासूनच जो नवा मार्क्समन किंवा स्काउट दिसेल त्याला थांबवून विचार, ‘ट्रेनरला पैसे कशाला देतोस, मी शिकवतो.’ एक बॉक्स शिकवायला अर्धा मिनिटही लागत नाही.